तीस इंचांचा ओटा

मी एक जुने कपाट आहे, मित्रांनो. जुने आहे, मोडके नाही. स्वयंपाकघरात ओट्याखाली उभे राहून त्याचा सगळा भार मी बावीस वर्षे पेलतो आहे.

मला बनवताना सुतार म्हणाला होता, "ओटा चौतीस इंच. सगळीकडे तेवढाच असतो."

घरातली आई चार फूट आठ इंच. ती म्हणाली, "सगळीकडे मी उभी राहणार नाहीये." जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत चौतीस इंच भरले. पीठ मळताना हात खाली जायला हवा, म्हणून त्यातले चार वजा केले. म्हणून मी बुटका आहे.

पुढे माझ्या तपकिरी सनमायकाच्या कडा सुटल्या. एक दार लोंबू लागले. गुडघा मारल्याशिवाय ते बंद होईना. वडिलांवर गेलेली उंच ताई तर मला बघून नाकच मुरडायची. एकदा नव्या ओट्याचे माप घ्यायला आलेला दुकानातला माणूस टेप लावून हसला, "तीस इंच? कुणाचं तरी माप चुकलंय!" मला तोंड असते, तर त्याला तिथेच सुनावले असते. चुकलेले? मी मोजून केलेला आहे!

शेवटी मला उखडायला सुतारकाका पहार घेऊन आले. त्यांनी माझ्या फळीत पेचकसाचे टोक खुपसून पाहिले. ते आत गेले नाही.

"प्लाय खणखणीत आहे, ताई. फक्त बिजागऱ्या गेल्यात."

"तरी काढा, काका. नवीन चौतीस इंची ओट्याची आईला होईल सवय."

आईने काकांचा चार इंची ठोकळा उचलून ओट्यावर ठेवला, त्यावर परात ठेवली आणि पीठ मळू लागली. खांदे कानांना टेकले. टाचा उचलल्या गेल्या.

ताई खुदकन हसली. "अगं, नाचतेयस की मळतेयस?"

"सवय करतेय," आई धापा टाकत म्हणाली.

ताईचे हसू मावळले. आईच्या टाचा अजून अधांतरीच होत्या.

"बोला ताई," काका म्हणाले, "पहार की पॉलिश पेपर?"

"पॉलिश पेपर," ताईने परात खाली उतरवली. "आणि हा चॉकलेटी रंग घालवा एकदाचा!"

मग मला घासले. स्क्रूची सैल भोके लाकडी खुंट्या आणि गोंद घालून बुजवली, नव्या बिजागऱ्या बसवल्या, प्रायमरवर फिकट करडा रंग चढवला. आत हात घालून चाचपडावे लागे, तिथे रुळांवर सरकणारे कप्पे आले. ताईला आजही भाजी चिरताना वाकावे लागते. "टेबलावर बसून चीर की," आई म्हणते. ताई कुरकुरते आणि टेबलावर बसते.

मित्रांनो, मला खुशाल रंगवा, घासा, माझी दारे बदला. त्याला माझी ना नाही. पण मला चुकीचे ठरवायला टेप घेऊन आलात, तर आधी माझ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला मोजा. त्याला न मोजता पहार उचललीत, तर सांगून ठेवतो, माझा एकही खिळा सुखासुखी निघणार नाही.