परतीचं रबर

देविकानं हवेचा गेज पुढच्या डाव्या टायरच्या वॉल्व्हवर दाबला, सुई थांबेपर्यंत श्वास रोखला आणि म्हणाली, "छत्तीस. दोन सोड."

वरदनं गुडघ्यावर बसून हवा सोडली. सहा वर्षांच्या सरावाचं काम होतं, त्यामुळे दोघांना बोलायची गरज आकड्यांपुरतीच पडायची. हल्ली घरीही तसंच झालं होतं. फरक एवढाच, की घरी आकडेही नव्हते.

हैदराबादच्या बाहेर माळावर बांधलेल्या त्या शर्यतीच्या ट्रॅकवर दिवसभर हौशी लोकांच्या गाड्या पळून दमल्या होत्या. आता काही फेऱ्यांचं शेवटचं सेशन उरलं होतं. ते झालं की वरद तिला लातूरला, तिच्या माहेरी सोडणार होता आणि एकटाच नांदेडला परत जाणार होता. दोघांनी हे महिन्याभरापूर्वी ठरवलं होतं, आवाज न चढवता. ट्रॅकचं बुकिंग त्याच्याही आधीचं होतं. "जाऊ शेवटचं," असं देविकाच म्हणाली होती. तिचं सामान परवा एका टेम्पोनं पुढं लातूरला गेलं होतं. त्यात कपड्यांच्या बॅगा होत्या, पुस्तकं होती आणि एक मोठं खोकं होतं. त्यात काय आहे हे वरदनं विचारलं नाही. विचारण्याचं खातं त्यानं केव्हाच बंद केलं होतं.

वरद दाताचा डॉक्टर. दिवसभर लोकांना "आ करा" म्हणणाऱ्या या माणसाचं स्वतःचं तोंड मात्र घरी क्वचितच उघडायचं. दोन सीटची ही बुटकी निळी गाडी त्यानं पुण्याहून जुनी आणली, तेव्हा तरोडा नाक्यापर्यंतची पोरं मागं धावली होती. नांदेडच्या स्पीडब्रेकरांना तिचा जन्माचा राग होता. एकूण एक स्पीडब्रेकर वरदला पाठ होता. कुठं तिरकं जायचं, कुठं थांबूनच घ्यायचं, सगळं. गाडी माणसाला काय काय शिकवते, असं म्हणून लोक हसायचे.

गाडीला तो ट्रॅकचे टायर लावायचा. मऊ रबराचे, खाचा नावापुरत्या. गरम झाले की डांबराला गोचिडासारखे धरतात आणि बघता बघता झिजतात. दोन सीटच्या गाडीत दुसरा संच घालायला जागा नाही, म्हणून ज्या टायरवर जायचं त्याच टायरवर परत यायचं. वरदचा नेम ठरलेला होता: शेवटच्या सेशनला गाडी राखून चालवायची, घरी पोचण्यापुरतं रबर शिल्लक ठेवायचं. परतीचं रबर, असं तो म्हणायचा. त्या सेशनला तो इतका हळुवार चालवायचा, की एकदा देविका हसत म्हणून गेली होती, "मागं कुणी झोपलंय का रे?"

त्या गाडीला मागची सीटच नव्हती. ते दोघांनाही एकदमच आठवलं होतं.

त्याआधीच्या गाडीला मागची सीट होती. देविकाला सातवा लागला तेव्हाच वरदनं त्या सीटवर बाळाची खुर्ची आणून बसवली. जन्माआधी काही आणू नये, म्हणून त्याची आई चंद्रप्रभाबाई खूप बोलल्या. वरद हसला आणि पट्टे आवळत बसला. मुलगी झाली ती रडलीच नाही. दवाखान्यातून दोघंच घरी आले. खुर्ची त्यानं कधी काढली, कुठं टाकली, देविकाला कळलं नाही. महिन्याभरात गाडीही गेली आणि दारात ही दोन सीटची उभी राहिली. देविकानं खिडकीतून तिच्याकडं पाहिलं. आता तिसऱ्याला जागा नाही, असं यानं न बोलता सांगून टाकलं, हेच तिनं धरलं.

तरी ती थांबली होती. कॉलेजात फिजिक्स शिकवत राहिली आणि या गाडीच्या टायरांत हवा भरत राहिली. मग दोन वर्षांपूर्वी तिनं विचारलं, आपण दत्तक घेऊ या का. वरद म्हणाला, बघू. पुढच्या दिवाळीला विचारलं, तेव्हाही बघू. यंदाच्या दिवाळीत तिनं सांगितलं, की ती मूल आणणार आहे, त्याच्याशिवाय आणावं लागलं तर तसं. वरदनं मान खाली घातली. "नको" असं तो म्हणाला नाही, पण "हो" असंही म्हणाला नाही.

"हेल्मेट," देविका म्हणाली.

वरदनं हेल्मेट घेतलं, घातलं आणि काच खाली करण्याआधी तिच्याकडं क्षणभर बघितलं. मग गाडी निघून गेली.

भिंतीशी सोमेश उभा होता. उदगीरचा बांधकाम कंत्राटदार. बायकोची साधी गाडी मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावून ट्रॅकवर आणायचा आणि सगळ्यांना डबा वाटायचा. त्यानं देविकापुढं शेंगदाण्याची पोळी धरली. तिनं एक तुकडा घेतला.

पहिल्या फेरीलाच तिला कळलं, की काहीतरी वेगळं आहे. लांबच्या उजव्या वळणावर वरद नेहमी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. आज उचलला नाही. टायर किंचाळले. गाडी बाहेर सरकली, पुन्हा आत ओढली गेली. दुसऱ्या फेरीला तसंच, तिसऱ्याला आणखी जोरात. वळणावरून निळसर धूर येऊ लागला.

"वैनी, डॉक्टरला काय झालं म्हणावं आज?" सोमेश चावायचा थांबला. "पार टायर खायलेत की. घरी कसं जानार?"

देविका वळणाकडं बघत राहिली. हातातला तुकडा तसाच राहिला. हा माणूस शेवटच्या सेशनला कसा चालवतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तो आज चुकत नव्हता. तो मुद्दाम करत होता.

सेशन संपल्याचा झेंडा पडला आणि गाडी आत आली. जळलेल्या रबराच्या वासानं नाक भरून गेलं. देविका पुढच्या चाकाशी वाकली. कडेचं रबर पार गेलं होतं, आतल्या तारा उघड्या पडल्या होत्या. तिनं टायरवर तळवा ठेवला आणि चटका बसल्यावर उचलला. हाताला काळं चिकटून आलं.

वरद उतरून तिच्यासमोर उभा राहिला. त्यानं हेल्मेट काढलं.

"या टायरवर लातूर होणार नाही," तो म्हणाला.

"नांदेड?"

"नांदेडबी नाही."

"मग रे?"

"थांबू इथंच आज. उद्या बघू."

'बघू' ऐकून देविकाला हसू आलं आणि तेवढ्यातच डोळे भरले. "टायर जाळले म्हणून बायको थांबते का, वरद?"

"मला दुसरं काही सुचलं नाही."

"सहा वर्षांपूर्वी सुचायला पाहिजे होतं. दवाखान्यातून आलो त्या दिवशी एकदा तरी माझ्यासमोर असं मोडून पडायचं होतंस. मी एकटीच रडत होते घरात. तू दोन सीटची गाडी आणलीस."

"तसं नव्हतं ते."

"मग कसं होतं? सांग ना."

वरदनं तोंड उघडलं. देविका थांबली. ती खरंच थांबली. शेजारच्या गाड्या ट्रकवर चढल्या, कुणीतरी ट्रॅकवरचे शंकू गोळा करत निघून गेलं, तरी ती त्याच्या तोंडाकडं बघत उभी होती. सहा वर्षांत ती इतक्या आशेनं कधी उभी राहिली नव्हती. वरदनं तोंड मिटलं आणि टायरकडं बघितलं.

सोमेश दुरूनच म्हणाला, "वैनी, मी उदगीरला चाललोय. तिथून लातूर किती लांब हाय? सोडतो की घरापर्यंत."

देविकानं हवेचा गेज वरदच्या हातात ठेवला आणि त्याची मूठ स्वतःच्या हातांनी मिटवली. काळं त्याच्याही बोटांना लागलं.

"जेवून घे वाटेत," ती म्हणाली आणि गेली.

निळी गाडी ट्रकच्या पाठीवर बसून नांदेडला पोचली तेव्हा सकाळ झाली होती. गाडी उतरवून ट्रक गेला आणि वरद रस्त्यावरचे साधे टायर काढायला घरामागच्या खोलीत गेला. टायरच्या खोलीत देविका कधी यायची नाही. पोटुशी असताना तिला तिथल्या आधीच्या गाडीच्या टायरांच्या वासानं मळमळायचं, आणि नंतर यायला काही कारण उरलं नव्हतं. वरदलाही ते सोयीचं होतं. या खोलीत अगदी मागं, भिंतीला लागून, जुन्या चादरीत गुंडाळून त्यानं ती खुर्ची ठेवली होती. टाकायला गेला होता एकदा. कचऱ्याच्या गाडीपासून परत घेऊन आला होता. मग जेव्हा जेव्हा टायर संपायचे, तेव्हा तो ते खुर्चीपुढं रचायचा. सहा वर्षांत पुढं भिंत उभी राहिली होती.

त्यानं दिवा लावला. जुने टायर बाजूला काढून कडेला नीट टेकवलेले होते. भिंतीशी चादर होती, चौघडी केलेली, कडेला कड लावून. अशी घडी देविका घालायची. खुर्ची नव्हती.

टेम्पोत गेलेलं मोठं खोकं त्याला आठवलं. म्हणजे ट्रॅकवर ती विचारत होती तेव्हा त्यानं खुर्ची जपून ठेवल्याचं तिला माहीत होतं. तरीही त्याच्या तोंडून ऐकायला थांबली होती. वरद खाली टायरवरच बसला आणि मांडीवर चादर घेऊन मोठ्यानं रडला. बऱ्याच वेळानं त्यानं फोन लावला.

"हं, बोल," देविका म्हणाली.

त्यानं नाक पुसलं. "पट्टा मागच्या खाचेतून घ्यायचा असतो. पुढच्या नाही. सगळ्यांचं तिथंच चुकतं."

त्यानं मांडीवरची चादर तळव्यानं दाबली.

"आधी खुर्चीवर गुडघा ठेवून सगळा भार द्यायचा. मग पट्टा ओढायचा. मग हलवून बघायची. जरा जरी हलली तर पुन्हा काढायची."

"हं."

"आपल्या गाडीत मी चारदा काढून बसवली होती. आईला वाटलं, याला येड लागलं. आणि..." त्याचा आवाज फुटला, तो थांबला आणि पुन्हा बोलायला लागला. "दवाखान्यातून तिला घरी आणायचा रस्ता ठरवून ठेवला होता मी. रोज क्लिनिक बंद करून त्या रस्त्यानं जायचो. हळू. मागची ती खुर्ची आरशात दिसत राहायची रिकामी. नंतर तशी आरशात बघवेना मला, देविका. म्हणून मग मागची सीटच नको वाटली."

"कुठला रस्ता?" तिनं विचारलं.

"डॉक्टर लेनमधून उजवीकडं नाही वळायचं, तिथं दोन स्पीडब्रेकर आहेत लागोपाठ. व्हीआयपी रोडनं यायचं. लांब पडतं, पण गुळगुळीत आहे. आनंदनगरचा एक उंच आहे, तो डाव्या कडेनं घेतला तर आत धक्का बसत नाही. राज कॉर्नरला सिग्नल पडायच्या आत जायची घाई करायची नाही. पुढं शाळेपाशी एक बुटका आहे, तो दिसत नाही, पण आहे. मग तरोडा नाका." तो थांबला. "तिथून सरळ घर."

लातूरला, पलीकडं, खोक्यावरची चिकटपट्टी ओढून काढल्याचा आवाज झाला. तिनं फोन ठेवला नव्हता.