उतारावरचं ज्युनिपर

१९६३ सालच्या मे महिन्यात चिखलदऱ्याच्या सरकारी दवाखान्यातली नर्स ललिता खेड्यांत लसी टोचून परतली, तेव्हा दवाखान्यासमोरच्या उतारावरचं तिचं ज्युनिपर कापून टाकलेलं होतं.

तिचा नवरा बुधाजी फौजेत. हिमालयातून सुट्टीवर येताना त्यानं ओल्या गोणपाटात बांधून रोपं आणली होती. पालवी सुरूसारखी, बारमाही हिरवी. पण झाड उभं वाढायचंच नाही, जमिनीला पोट लावून सरपटत जायचं. दर पावसाळ्यात उताराची माती वाहून जाई. ललितानं दर उन्हाळ्यात भांडी धुतलेलं पाणी घालून, फांद्या दगडांखाली दाबून ते पुढं पुढं नेलं. शेवटी माती दिसेनाशी झाली.

आता वरवर नुसते तपकिरी खुंट. शेजारी बांधकाम खात्याचा ओव्हरसियर पंजाबराव मजुरांकडून दगडांना चुना लावून घेत होता.

"काहून तोडलं?" ललितानं विचारलं.

"अमरावतीहून साहेब येऊन राह्यले उद्या. झुडपं माजली होती. साप निघते तिथून."

"एक तरी निघाला काय?"

"फुटन परत. इतकं काय त्यात?"

"नाई फुटत! हिरवा भाग गेला का वाळते ते. मले इचारलं काहून नाई?"

"जागा सरकारची," पंजाबराव हसला. "अन् तुमची लोकं आता झाडायचीबी मालकी सांगून राह्यली काय?"

'तुमची लोकं' म्हणजे तिची जात. ललिता पुढं सरकली. "माझा माणूस सरहद्दीवर बर्फात उभा हाय. त्यानं आणलं हे. तिथं उभं राह्याले माझी लोकं चालते तुमाले?"

मजुरांचे हात थांबले. पंजाबरावानं तोंड फिरवलं. "सायबाले सांगा."

तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी साहेब जीपमधून उतरले तसं, हारतुऱ्यांच्या आधी, 'तुमची लोकं'सकट सगळं सांगितलं. साहेब अवघडले. म्हणाले, "मी डेलियाची रोपं पाठवतो."

"मले डेलिया नको. दगडाखाली ज्या फांद्यायनं मुळं धरली, तेवढ्या हिरव्या हायेत. यायनं तोडलं, यायनंच लावाव्या. आत्ता."

साहेबांनी पंजाबरावाकडं पाहिलं. "लावा."

पंजाबरावानं मजुराला हाक मारली.

"त्याले नाई," ललिता म्हणाली. "तुमी."

इस्त्रीच्या पँटीनिशी तो गुडघ्यांवर बसला. शेवटची फांदी मातीत जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.

काही फांद्या जगल्या, बऱ्याच वाळल्या. त्या पावसाळ्यात चिखल दवाखान्याच्या पायरीपर्यंत आला. ललिता तो फावड्यानं ओढायची आणि दात-ओठ खायची. पुढं पंजाबराव औषधाला आला की वाकून नमस्कार करी. ती औषध देई. नमस्कार मात्र तिनं कधीच घेतला नाही.