जिनात गेलेली बोटं

भगवंतरावांनी बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

भैंसा गावच्या कापसाच्या जिनात ते बावीस वर्षं गाठींवर नंबर टाकत आले. यंत्रानं त्यांना एकदाही खरचटलं नव्हतं.

अंगठा, करंगळी, मधे काही नाही. आजीचे हात असेच, बापाचे असेच. पायही.

कुमुदिनी जन्मली तेव्हा सोजरबाईनं लेकीची बोटं तीनदा मोजली. वीस.

मुलाकडच्यांना सांगितलं होतं, वधूपित्याची बोटं जिनात गेली. अपघात काही रक्तात उतरत नाही.

निजामी फसली सन तेराशे अठ्ठेचाळीस, वैशाख. कुमुदिनीच्या लग्नाच्या मांडवातून धाकटा भाऊ माणिकराव आत आला.

“दादा, बूट काढा. भटजी बोलावून राह्यले.”

“कन्यादान तूच कर ना.”

“बाप जित्ता असून काका? लोक इचारतील काऊन म्हणून.”

“अन् पाय पाह्यले तर? तेबी जिनात गेले म्हणू?”

माणिकरावाला हसू आलं, आणि तोंडातच राहिलं. तो खाली बसला. दोन्ही बूट त्यानंच ओढून काढले. पुढच्या टोकांना कोंबलेला कापूस बाहेर पडला.

भगवंतराव पाटावर बसले, धोतराचा सोगा पावलांवर ओढून. नवरदेव उद्धवच्या ओंजळीवर कुमुदिनीची ओंजळ, तिच्यावर त्यांची. सोजरबाईनं झारी कलती केली. हात सावरता सावरता सोगा सरकला.

“जिनात पायबी घातले होते काय यायनं?” वऱ्हाडातून कुणी तरी म्हणालं.

दोघं-तिघं हसले. उद्धवनं मान वळवून आईकडे पाहिलं. मथुराबाई त्याच्या मागंच उभ्या होत्या. भगवंतरावांनी हात वर उचलून घेतले. सोजरबाईची झारी तशीच अधांतरी.

“माह्या हातात पाणी ठरत नाही,” ते कुणाकडेच न पाहता म्हणाले. “माणिक, तू बस.”

“ठरवाचं कशाला, इवाई?” मथुराबाई म्हणाल्या. “तुमच्या हातातून पोरीच्या, पोरीच्या हातातून आमच्या पोराच्या. जाऊ द्या ना खाली. मुहूर्त टळून राह्यला.”

भटजींनी मंत्र मागच्या शब्दापासून पुन्हा धरला. कुमुदिनीनं आपली ओंजळ थोडी वर उचलली, बापाच्या हातांना टेकेपर्यंत. धार सुरू झाली. सोगा कुणी सारखा केला नाही.

पौषात, मुलगी पाहून गेल्यावर आणि होकार कळवायच्या आधी, मथुराबाईंनी बासरला गोदावरीच्या घाटावर भगवंतरावांना अनवाणी पाहिलं होतं.