कुणाच्या नावानं नाळ

“हातमोजे घातल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, खानम,” रिझवानी म्हणाली. ती रक्तपेढीची मुलगी. बाळाच्या नाळेतलं रक्त गोळा करायला आली होती.

“अगं पोरी, या हातांनी नऊशे बाळं काढलीत. तुझी ही डॉक्टर त्यातलीच. पायाळू. विचार तिला,” सुईण गुलनेसा म्हणाली.

डॉक्टर कियानी मासूमेच्या पायाशी बसली होती. मान वर न करता म्हणाली, “खरंय ते. पण मोजे घाला, गुलनेसा-खानम. पायाळू माणसाचं ऐकावं.”

गुलनेसानं मोजे चढवले. बाबोलच्या त्या इस्पितळात गावच्या सुइणींना बाळंतिणीच्या खोलीत घेत नसत. डॉक्टरनं भिडेखातर तिला आत घेतलं होतं. ती आली होती लेकीसाठी, मासूमेसाठी, आणि तितकीच रिझवानीच्या हातातल्या त्या रिकाम्या पिशवीसाठी.

बाहेर बाकावर जावयाशेजारी, ईरजशेजारी, त्याची आठ वर्षांची मुलगी तराने पाय हलवत बसली होती. तिच्या अंगात रक्त नीट तयार होत नसे, म्हणून दर तीन आठवड्यांनी तिला रक्त द्यावं लागे. आधीचे चार दिवस पोर मेणासारखी दिसे, नंतरचे चार दिवस डाळिंबाच्या दाण्यासारखी. येणाऱ्या बाळाला तो आजार नाही, हे तिसऱ्या महिन्यातच तपासून झालं होतं. आता त्याच्या नाळेतलं रक्त तेहरानच्या पेढीत गोठवून ठेवायचं, आणि बहिणीशी जुळलं तर तिच्या अंगात सोडायचं. तिचं अंग मग आपलं रक्त आपणच करू लागेल.

“सहाच्या सहा खुणा जुळायला हव्यात. भावंडांत चारात एकदा जुळतं,” रिझवानीनं सांगितलं होतं.

चारात एक. हा आकडा गुलनेसानं पूर्वीही ऐकला होता. मासूमे आणि ईरजच्या लग्नाआधीच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले होते, दोघांच्याही रक्तात अर्धा अर्धा आजार आहे, चारातलं एक मूल पुरतं आजारी निघेल. मासूमे कचरली होती. तेव्हा गुलनेसाच ठासून म्हणाली होती, “तू जन्मलीस तेव्हा तुझी नाळ मी माझ्या हातानं ईरजच्या नावानं कापलीय, लग्न तेव्हाच ठरलंय. बहिणीला शब्द दिलाय. आणि चारातली तीन तर चांगली ना?”

मग तराने झाली. “घरात कुणी लहानपणी गेलं होतं का?” असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा कुठे गुलनेसाला कळलं की तिचा मुलगा रहमान नजर लागून गेला नव्हता. घरात तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

“आलं, आलं,” डॉक्टर म्हणाली, आणि बाळ आलंच. मुलगा. आल्याआल्या त्यानं खोली डोक्यावर घेतली.

रिझवानी चिमटा घेऊन पुढे सरसावली.

“थांब,” गुलनेसा म्हणाली. “नाळ अजून उडतेय. त्याचं आहे ते आधी त्याला मिळू दे.”

“फार थांबलं तर पिशवी भरत नाही, खानम.”

“तीन सलवात म्हणा,” डॉक्टर मधे पडली. “तेवढं थांबते.”

गुलनेसानं तीनदा सलवात म्हटली. इतक्या भरभर आणि इतक्या जीव ओतून तिनं प्रार्थना कधी केली नव्हती. चिमटे लागले, नाळ कापली गेली, सुई आत गेली. नळीतून काळसर लाल धार पिशवीत उतरू लागली. पिशवीखाली छोटा वजनकाटा होता. रिझवानी आकडे वाचत होती. तीस. पंचेचाळीस. साठ. मग काटा अडला.

“साठवरच थांबलं. निदान ऐंशी हवं.”

“तिथे पीळ पडलाय,” गुलनेसा म्हणाली. “पिशवी खाली घे. आणखी. काट्यासकट पार जमिनीला टेकव.”

ती वाकली. बोटांनी पीळ उलगडला आणि दोन बोटांत नाळ धरून हलकेच खाली निथळवू लागली. चाळीस वर्षं हीच बोटं उरलंसुरलं रक्त बाळाकडे सारत आली होती. आज ती पिशवीकडे सारत होती. “ये गं, ये,” ती पुटपुटली. दूध चोरणाऱ्या गाईशी बोलावं तसं.

काटा हलला. सत्तर. ब्याऐंशी. मासूमेनं उशीवरून मान उचलली. “किती झालं, आई?”

“तू पडून राहा.”

“एकशे चार,” रिझवानी म्हणाली. “खानम, आमच्याकडे नोकरीला येता का?”

“माझ्या कोंबड्या कोण बघेल?”

वार पडली. नर्सनं ती तसराळ्यात घेतली.

“हिचं काय करता?”

“टाकून देतो.”

“आम्ही पुरायचो,” गुलनेसा म्हणाली. “मासूमेची वार माझ्या अंगणात, नारिंगाखाली आहे. रहमान सहा वर्षांचा होता. मीच धरणार म्हणाला मडकं. त्यानंच ते खड्ड्यात ठेवलं.”

ती रिझवानीकडे वळली. मग विचारलं, “हे नाळेतल्या रक्ताचं कधीपासून कळलंय तुम्हाला?”

“पहिल्यांदा करून बघितलं त्याला बावीस वर्षं झाली,” रिझवानी म्हणाली.

“रहमानला जाऊन सव्वीस झाली,” गुलनेसा म्हणाली. “मग ठीक.”

डॉक्टरनं क्षणभर तिच्या खांद्याला हात लावला.

रक्त जुळतं का, त्याचा निकाल तिसऱ्या आठवड्यात येणार होता. ठरल्या दिवशी सकाळपासून गुलनेसाच्या घरात कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. गुलनेसाची बहीण, ईरजची आई, मासे घेऊन आली होती. पाळण्यात डोकावत म्हणाली, “नाळ कुणाच्या नावानं कापली गं याची? आमच्या जोहरेची मुलगी सहा महिन्यांची आहे.”

“डॉक्टरनं कापली. तिच्याच नावानं असेल तर बघ बाई, ती चाळिशीला आलीय.”

“तू असतीस तर?”

“कुणाच्याच नाही.”

बहीण मासे घेऊन चुलीकडे वळली.

तेवढ्यात फोन वाजला. ईरजनं तो कानाला लावला, “हो, हो” म्हणाला आणि तांदळाच्या पोत्यावर मटकन बसला. तरानेनं त्याच्या हातातून फोन ओढून घेतला.

“मी तराने. कितीपैकी किती?” तिनं ऐकलं. मग परीक्षेचा निकाल सांगावा तशी सगळ्यांकडे वळली. “सहापैकी सहा.”

मासूमेनं बाळाला पाळण्यातून उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. ईरज पोत्यावर बसून लहान मुलासारखा रडत होता. बहिणीनं दृष्ट काढायला निखाऱ्यावर एस्पंदचे दाणे टाकले, ते तडतडू लागले.

“ननेजान, ऐकलंस का? पैकीच्या पैकी,” तराने आजीला गदागदा हलवत होती.

“ऐकलं गं. पहिली आलीस.”

“आधी नारिंगं आण कुणीतरी,” बहीण चुलीपासून ओरडली. “मासे झाले.”

गुलनेसा अंगणात गेली. चार फळं तोडून ओच्यात घेतली. मग बुंध्याशी, रहमाननं मडकं ठेवलं होतं तिथे, उकिडवी बसली. कोंबड्यांनी तिथली माती उकरून ठेवली होती. झोपलेल्या मुलाचं पांघरूण सारखं करावं तशी तिनं ती हातानं सारखी केली, आणि आतून तराने हाका मारत होती म्हणून उठली.