वाकडा पूल

"अहो, चार वाजायला वीसच मिनिटं राहिलीत," बसड्रायव्हर तिसऱ्यांदा म्हणाला. "चारला माझी पोरगी गेममध्ये येते. आठवड्यातनं तेवढीच भेट."

"मग मला काम करू द्या की!" मेकॅनिक लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला.

पोरगी आईकडे, दुसऱ्या गावात राहायची. दर रविवारी बापलेक त्या गेममध्ये मिळून एक शहर वसवत. आज सकाळपासून मात्र ड्रायव्हरच्या लॅपटॉपवर बाकी सगळं दिसायचं. गेम सुरू केला की नुसता आवाज, पडदा काळा.

मेकॅनिकने गेम छोट्या खिडकीत उघडून पाहिला. काळाच. शेवटी रात्री आपोआप झालेलं अपडेट काढून त्याने ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर, म्हणजे चित्र उमटवणारा प्रोग्राम, घातला. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. पडद्यावर नदी उमटली, नदीवर लांबलचक पूल.

"आलं, आलं!" ड्रायव्हर ओरडला.

"थांबा. पूल मधेच वाकलाय."

त्याने रिझोल्यूशन बदललं. पूल उन्हात विसरलेल्या मेणबत्तीसारखा वाकलेलाच. दुकानातला मोठा मॉनिटर जोडला. तिथेही तेच. बावीस वर्षांत असा बिघाड त्याने पाहिला नव्हता.

"मालक, कुठे वाकलाय? चांगला सरळसोट आहे!" ड्रायव्हर म्हणाला.

काउंटरवरून मेकॅनिकची बायको उठून आली. "सरळच आहे हो."

मेकॅनिकने उजवा डोळा झाकला. पूल सरळ. डावा झाकला. पूल पार पिळवटला. त्याने तसंच दाराकडे पाहिलं. चौकटही वाकली होती.

"झालंय तुमचं," तो ड्रायव्हरला म्हणाला आणि स्टूल पुढे सरकवलं. "घरी कशाला धावता? इथेच बसा."

चारला लॅपटॉपमधून आवाज आला, "बाबा, दिसतंय का तुला?"

"दिसतंय गं, अगदी लख्ख!"

मेकॅनिक आतल्या खोलीत गेला. मागोमाग बायको आली. "काय होतंय?"

"डोळ्याच्या डॉक्टरांकडे नंबर लाव. उद्याचा." टेबलावर एक लॅपटॉप उघडा पडला होता, सोल्डरिंगच्या बारीक डागकामाचा. "आणि याच्या गिऱ्हाइकाला फोन कर. म्हणावं, घेऊन जा. मला जमणार नाही."

हे वाक्य तिने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती फोनकडे वळली.

बाहेर बापलेक हसत होते. मेकॅनिकने डोळे मिटले, बोटाच्या टोकाने त्या लॅपटॉपच्या झाकणाची भोकं चाचपली आणि एकेक स्क्रू बसवायला घेतला. शेवटचा स्क्रू आवळून झाला, तरी त्याने डोळे उघडले नव्हते.