नंबर मोडून आलेलं हेलिकॉप्टर

तीस वर्षं मी हवाई दलाच्या टॉवरमध्ये बसून विमानं चढवली, उतरवली. एकालाही ओरखडा येऊ दिला नाही. निवृत्त होऊन धारूरला आलो तेव्हा गाठीशी एवढीच कमाई होती आणि मला तिचा माज होता. असू दे, माणसाला कशाचा तरी माज असावा.

दुष्काळाचं ते तिसरं वर्ष. ऊसच नाही म्हणून आमच्या भागातला सहकारी साखर कारखाना बंद होता, पण त्याची छोटी धावपट्टी चालू होती. ढगांत मीठ फवारून पाऊस पाडायचा प्रयत्न करणारं विमान तिथं मुक्कामाला होतं. चेअरमन सुंदरराव माझा शाळेपासूनचा दोस्त, एका डब्यात जेवलेला. त्यानंच मला ही पट्टी सांभाळायला बोलावलं. "वैजू, तू हायस म्हणून मला घोर न्हाई," म्हणाला. मी लगेच पाघळलो.

माझा नियम एकच. पट्टीवर आणि तिच्यावरच्या आभाळात एका वेळी एकच. पहिलं लांब गेलं की मगच दुसऱ्यानं यायचं, उसाच्या गाड्या वजनकाट्यावर घेतात तसं, नंबरानं. आता कारखान्यावर नंबर कसे पाळतात ते अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे. चेअरमनचा माणूस असला की मागची गाडी पुढं लागते. हे मला वेळेवर आठवायला हवं होतं.

सुंदररावाच्या निवडणुकीच्या सभेला त्याचे पुढारी हेलिकॉप्टरनं याच पट्टीवर उतरणार होते. डोंगराच्या कडेला वायरलेस नुसता खरखरतो, म्हणून त्यांच्या पायलटशी फोनवर मेसेजनं बोलायचं ठरलं, तेही फक्त माझ्या नंबरावरून. दुसऱ्या कुणाचं ऐकू नका, असं मीच त्याला बजावलं होतं. साडेअकराला केजच्या अंगाला ढग भरून आला. ढग काही सभेसाठी थांबत नाही. मी हेलिकॉप्टरला धारूरच्या किल्ल्यावर घिरट्या घालत थांबायला सांगितलं आणि वायरलेसवरून विमानाला निघायची परवानगी दिली.

सुंदरराव घामाघूम होऊन आला. "लोकं उठाय लागले बे. किती येळ आजून?"

"दहा मिनिटं."

"तुझा फोन दे. माझ्याला रेंज न्हाई. मंडपात सांगतो, भाषण लांबवा म्हणून."

मी दिला. माझ्या एका हातात वायरलेस, डोळे विमानावर. दोन मिनिटांनी त्यानं फोन परत माझ्या खिशात टाकला. विमानानं जमीन सोडली आणि त्याच वेळी कारखान्याच्या चिमणीमागून हेलिकॉप्टर समोर आलं.

"डावीकडं, आत्ताच," मी वायरलेसवर एवढंच म्हणालो. विमान एका अंगावर कललं. दोघांमध्ये एखाद्या ट्रकाइतकं अंतर राहिलं असेल. दोन्ही वाचली.

नवव्या दिवशी विमानखात्याचे साहेब चौकशीला आले, ती झाली कारखान्याच्याच ऑफिसात. पायलटनं आपला फोन पुढं केला. माझ्या नंबरावरून मेसेज आला होता: 'पट्टी मोकळी आहे. या.' माझ्या फोनमधून तो पुसलेला होता, म्हणजे साहेबांच्या लेखी मीच पुसलेला. फोन सुंदररावाकडं होता, असं मी सांगितलं. साहेबांनी त्याला विचारलं.

"म्या कावून घिऊ त्याचा फोन?" सुंदरराव म्हणाला. "वैजिनाथला वयानं सुचत न्हाई हल्ली. आमीच चुकलो, म्हाताऱ्याला बसवलं."

तो माझ्याहून सात महिन्यांनी मोठा आहे.

नुसतं खोटं बोलला असता तर मी गिळलं असतं. पण त्यानं माझाच फोन मागितला, कारण पायलट माझ्या शब्दावर डोळे मिटून खाली येईल हे त्याला ठाऊक होतं. माझं नाव चांगलं होतं, म्हणूनच त्याला ते वापरता आलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. कागदावर उमटलं, 'चूक वैजिनाथ यांची.' मी सही केली नाही, पण सहीवाचून काही अडलं नाही.

बाहेर त्यानं मला गाठलं आणि खांद्यावर हात टाकला.

"मनाला लावून घिऊ नको, वैजू. माझी इलेक्शन तोंडावर हाय. तू रिटायर माणूस. तुझं काय जाणार हाय त्यात?"

मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो थट्टा करत नव्हता, खरंच विचारत होता.