तिंबायची परात

मित्रांनो, सिल्वासातल्या एका चाळीत भिंतीला टेकून उभी असलेली जुनी पितळी परात मी. अमळनेरच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. नथूला राखोलीच्या कारखान्यात काम लागलं, तेव्हा, म्हणजे १९८४ साली, त्याच्या आईने, तानूबाईंनी मला बिऱ्हाडाबरोबर इकडे आणलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तानूबाई पुरणाचे मांडे हातांवरच पसरवून पालथ्या खापरावर भाजत. त्यांचे मांडे खायला खानदेशातले सगळे कामगार जमत आणि जाताना माझ्याकडेही कौतुकाने पाहत.

पुढे नथूची बायको ममता घरात आली. ती इथल्याच अथाल गावची, गुजराती शाळेत शिकलेली. पहिल्याच दिवशी कणकेचा गोळा दाखवत म्हणाली, "आई, लोट बांधला."

"बांधायला ते काय गाठोडं आहे? आणि हे तू नुसतं मळलंस. आता तिंब."

"दोन्ही एकच ना?"

"पाणी घालून पिठाचा गोळा केला, की मळलं. मग पाण्याचा हात लावून मुठींनी दाबायचं, उचलून आपटायचं, लोण्यासारखं मऊ होईपर्यंत. ते तिंबणं."

नथू हसला. "आमच्या कारखान्यात काल दोघांनी एकमेकांची कणीक तिंबली."

ममताने शब्द ऐकला, पण हात घाईचाच राहिला. मांड्यांचं पीठ तानूबाईच तिंबत.

१९९३ मध्ये तानूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. ममता त्यांना भरवी, न्हाऊ घाली, बोलत राही. मांडे मात्र बंद झाले. मीही फळीवर काळी पडत गेले.

आखाजी आली. ममताने मला चिंचेने घासलं आणि तानूबाईंच्या खाटेजवळच पीठ भिजवलं. पहिला मांडा हातावरच फाटला. दुसराही फाटला. तिने उरलेला गोळा माझ्यात टाकला आणि डोळ्यांना पदर लावला.

खाटेवरून घोगरा आवाज आला, "तिं... तिंब."

ममताने डोळे पुसले. मग पाण्यात हात बुडवून तिने गोळा उचलला आणि आपटला.

"अजून," तानूबाई म्हणाल्या.

त्या दिवशी एकच मांडा धड झाला. तो दुधात कुस्करून ममताने सासूला भरवला. पुढे रोज ती त्यांच्या लुळ्या हाताखाली कणकेचा गोळा ठेवू लागली. हात पुरता सुधारला नाही. शब्द मात्र एकेक करून येत राहिले.

मित्रांनो, आम्हा जुन्या भांड्यांना अधूनमधून चिंच लावा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एखादा शब्द विचारा. आठवायला वेळ लागेल. तेवढा वेळ जवळ बसा.